डंजन्स अँड ड्रॅगन्सचं चालू कॅम्पेन मधेच २०२४ च्या रूल्सवर न्यायचं का? आणि प्लेटेस्टमधला, म्हणजे अजून चाचणीत असलेला, सायॉन टेबलावर येऊ द्यायचा का?

कोथरूडचा_डीएम
६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

पुण्यात आमचं एक टेबल आहे, मी डीएम (गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निर्णय देणारा) आणि चार प्लेअर, दर रविवारी जेवणं आटपली की दुपारी दोनला बसतो ते दिवेलागणीपर्यंत. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, फासे टाकून आपापलं पात्र खेळायचा खेळ) पाचवी एडिशन, २०१४ ची पुस्तकं. दोन वर्षं एकच कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट, चाललंय, पार्टी सातव्या लेव्हलला आहे. इतके दिवस नियमांवरून कधी कुणाचा आवाज चढला नव्हता, आता चढायला लागलाय.

झालंय असं की रोग हा क्लास (पात्राचा प्रकार, इथे चपळ चोरटा) खेळणाऱ्या मित्राने २०२४ चं, म्हणजे नव्या नियमांचं, प्लेअर्स हँडबुक घेतलं आणि तो वेपन मास्टरीच्या (हत्यारांना मिळणारे खास गुण) प्रेमात पडलाय, दोन हत्यारं असतील तर दुसरा वार बोनस अ‍ॅक्शन (टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, मिळणारी एक जादा छोटी कृती) न घालवता मारता येतो म्हणून त्याला या रविवारपासूनच शिफ्ट व्हायचंय. रेंजरवाली पण तयार आहे. पॅलडिन (पवित्र योद्धा) मात्र ठामपणे नाही म्हणतो, कारण डिव्हाइन स्माइट (वारात दैवी शक्ती ओतून जास्त इजा करणं) आता स्पेल, म्हणजे मंत्र, झालाय, त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते आणि टर्नमध्ये एकदाच मारता येतो, आणि दोन्ही हिट लागल्यावर दोन्हीवर स्माइट ओतायचा हाच तर त्याचा सगळा आनंद आहे. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा क्लास) खेळणारी आमच्यात सगळ्यात शांत, ती म्हणते काहीही ठरवा, पण मला माहितीये तिचा कंज्युअर अ‍ॅनिमल्स (प्राणी बोलावायचा मंत्र) पूर्ण बदललाय, ते आठ लांडगे आता येतच नाहीत, त्याऐवजी एक कळप मैदानात फिरतो आणि जो जवळ येईल त्याने सेव्ह (वाचण्यासाठी फासा टाकणं) करायचा.

वर पुढच्या महिन्यापासून एक नवीन मैत्रीण जॉइन होतेय आणि तिला सायॉन (मनाच्या शक्ती वापरणारा क्लास) खेळायचाय, जो अजून फक्त अनअर्थ्ड आर्कानाच्या, म्हणजे कंपनी चाचणीसाठी काढते त्या मसुद्यांच्या, प्लेटेस्ट पीडीएफमध्ये आहे, या वर्षी मे मध्ये आला तो. तिने फार मन लावून कॅरेक्टर लिहिलंय, चार पानं बॅकस्टोरी पाठवलीये, नाही म्हणायला जीव होत नाहीये.

तर मधेच बदलावं का कॅम्पेन संपेपर्यंत थांबावं? प्लेटेस्टचे नियम घेतलेत का कुणी, पुढे ते बदलले तेव्हा काय केलंत? आणि हे दर एडिशनला असंच होतं का, आधी प्रयोग म्हणून काहीतरी काढतात आणि मग तेच पुढचं पुस्तक होऊन बसतं?

संत्रानगरी_फायटर
६ ऑक्टोबर

मधे नका बदलू. आम्ही सहाव्या लेव्हलला बदललं होतं, एका बैठकीत सगळ्यांनी शीट्स (पात्राची माहिती लिहायचे कागद) नव्याने लिहिल्या, आणि पुढचे तीन-चार सेशन प्रत्येक टर्नला एकच प्रश्न, हे जुनं का नवीन. हीलिंगचं तर आधी लक्षातच आलं नाही, क्युअर वूंड्स (जखमा भरणारा मंत्र) आता १डी८ नाही २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) आहे, हीलिंग वर्ड २डी४, आणि मॉन्स्टर आम्ही २०१४ च्या पुस्तकातलेच वापरत होतो, नवीन मॉन्स्टर मॅन्युअल तेव्हा आलंच नव्हतं, त्यामुळे पार्टी पडेचना. बिचाऱ्या डीएमने तीन लढाया मनापासून तयार केल्या होत्या, तिन्ही पाण्यात.

आणि वेपन मास्टरी मस्तच आहे पण टॉपलवाला (वार लागला की समोरच्याला आडवं पाडणारी मास्टरी) फायटर असेल तर जपून, प्रत्येक हिटला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, त्यात अ‍ॅक्शन सर्ज (फायटरला मिळणारी जादा कृती) मारला की एकाच टर्नमध्ये किती वेळा डाइस उचलायचे ते मोजा. आम्ही शेवटी ठरवलं की आधी सगळे अ‍ॅटॅक रोल एकदम, मग सेव्ह. त्याने थोडं सुटसुटीत झालं.

थॅको_१९९६
७ ऑक्टोबर

अरे कोथरूड, तुझा तिसरा प्रश्न वाचून राहवेना म्हणून लिहायला बसलो, इथे न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा झालेत.

मी १९९६ ला एमएस करायला इकडे आलो, आणि रूममेटच्या ग्रुपमध्ये पहिल्यांदा डी अँड डी खेळलो, तेव्हा दुसरी एडिशन होती, थॅकोवाली (वार लागायला किती आकडा हवा ते मोजायची जुनी पद्धत), आर्मर क्लास (बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला. वर्षभर आधीच प्लेअर्स ऑप्शन नावाची पुस्तकं आली होती, स्किल्स अँड पॉवर्स आणि कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स, दोन्ही १९९५ ची. आमच्या डीएमने दोन्ही एकदमच टेबलावर आणली. स्किल्स अँड पॉवर्समध्ये प्रत्येक अ‍ॅबिलिटीचे (म्हणजे ताकद, चपळाई अशा मूळ गुणाचे) दोन तुकडे केलेले, स्ट्रेंग्थ म्हणजे एक मसल आणि एक स्टॅमिना, आणि एकातून काढून दुसऱ्यात टाकायची मुभा, दोघांत जास्तीत जास्त चारचा फरक. झालं, सगळ्यांनी जे कधी वापरायचं नाही ते खाली ओढलं आणि जे रोज वापरायचं ते वर चढवलं. महिन्याभरात आमच्याकडे सगळी कॅरेक्टर्स एकाच साच्यातली दिसायला लागली आणि ते पुस्तक आम्ही मिटून ठेवलं.

पण दुसरं पुस्तक, कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स, ते टिकलं. चौकटींच्या नकाशावर लढाई, शत्रूसमोरून पाठ फिरवून गेलास तर त्याला फुकटचा एक वार, हे आम्ही त्यातून शिकलो. मग २००० साली तिसरी एडिशन हातात आली, मी दुकानातच उभ्या उभ्या कॉम्बॅटचा चॅप्टर उघडला, आणि समोर अ‍ॅटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटी, म्हणजे तोच फुकटचा वार. चार वर्षं आम्ही जे होमवर्क केल्यासारखं खेळत होतो ते आता मूळ नियम झालं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही ऑप्शनल पुस्तकं म्हणजे पुढच्या एडिशनची रंगीत तालीम असते.

आणि हे त्याच्याही आधीपासूनचं आहे. अनअर्थ्ड आर्काना हे नावच मुळात १९८५ च्या पुस्तकाचं, डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी गॅरी गायगॅक्सचं, त्यात ड्रॅगन मासिकात आधी आलेलं बरंचसं साहित्य एकत्र केलेलं. त्यात बार्बेरियन होता, कॅव्हेलियर होता, फायटरसाठी वेपन स्पेशलायझेशन (एका हत्यारात खास प्रावीण्य) होतं, आणि कमलीनेस म्हणून सातवी अ‍ॅबिलिटी पण होती, म्हणजे दिसायला किती देखणा. आता यातलं काय टिकलं बघ. १९८९ ला दुसरी एडिशन आली तेव्हा वेपन स्पेशलायझेशन राहिलं, कमलीनेस गेला, आणि बार्बेरियन मूळ पुस्तकातून बाहेर. तो परत मूळ पुस्तकात आला तो थेट २००० ला, आणि तेव्हापासून पाचव्या एडिशनमध्ये पण पहिल्या दिवसापासून आहे. १९८५ ला कुणी शपथेवर सांगू शकलं असतं का की यातलं काय चाळीस वर्षांनी पण असेल? मला नाही वाटत. स्किल्सचं तसंच, १९८५ च्याच ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्समध्ये नॉनवेपन प्रोफिशियन्सी (लढाई सोडून बाकीची कौशल्यं) आल्या, दुसऱ्या एडिशनमध्ये ऑप्शनल म्हणून बसल्या, आणि तिसरीत स्किल सिस्टीम म्हणून सगळ्या कॅरेक्टर्सना लागू झाल्या. १५ वर्षं लागली.

म्हणून तुझ्या सायॉनबद्दल माझं मत असं, घेऊ दे, पण पहिल्याच दिवशी तिला समोर बसवून मिस्टिकची गोष्ट सांग. पाचव्या एडिशनमध्ये सायॉनिक्ससाठी मिस्टिक नावाचा क्लास प्लेटेस्टमध्ये आला होता, २०१५ ला पहिल्यांदा आणि २०१७ ला पूर्ण वीस लेव्हलचा. लोकांनी त्यावर कॅम्पेन्स उभ्या केल्या. तो क्लास कधीही छापला गेला नाही. २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग या पुस्तकात त्याऐवजी तीन सबक्लास (क्लासचे उपप्रकार) आले, साय वॉरियर, सोलनाइफ, अ‍ॅबरंट माइंड. रेंजरचं पण तेच, २०१६ चा रिव्हाइज्ड रेंजर कितीतरी टेबलांवर चालला, लोकांना मनापासून आवडला, पण पुस्तकात तो त्या रूपात आलाच नाही, टाशामध्ये तुकड्या-तुकड्याने ऑप्शनल फीचर्स आली.

शीटवर पेन्सिलने लिहायला सांग, एवढंच.

कोथरूडचा_डीएम
७ ऑक्टोबर

काका, हे वाचून खूप बरं वाटलं, थँक यू. आमची रेंजर २०१६ चाच रिव्हाइज्ड रेंजर खेळत होती हो सुरुवातीला! जुन्या बीस्ट मास्टरमध्ये (प्राणी सोबत ठेवणारा रेंजरचा सबक्लास) प्राण्याला हल्ला करायला लावायचं तर स्वतःची अ‍ॅक्शन द्यावी लागायची आणि तिला तिची लांडगीण नुसती मागे चालणारी नको होती. मग टाशा आमच्याकडे आल्यावर बोनस अ‍ॅक्शनवर आणलं. तेव्हा तिचं एक फीचर गेलं आणि ती दोन सेशन गप्प होती, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. म्हणजे मी एकदा यातून गेलोय आणि विसरलोय.

घोडबंदर_गनस्लिंगर
८ ऑक्टोबर

मी पाथफाइंडरवाली (डी अँड डीसारखाच दुसरा खेळ) आहे, तरी लिहितेय, कारण आमच्याकडे हेच अगदी डोळ्यासमोर घडलं.

पाथफाइंडरची पहिली एडिशन २००९ ची, ती मुळात डी अँड डी ३.५ च्या (तिसऱ्या एडिशनच्या सुधारित) नियमांवर उभी. २०१५ ला पाथफाइंडर अनचेन्ड आलं, सगळंच्या सगळं ऑप्शनल, रोग, मंक, बार्बेरियन आणि समनर यांची नवीन रूपं, आणि एक नवीन अ‍ॅक्शन इकॉनॉमी, म्हणजे स्टँडर्ड, मूव्ह, स्विफ्ट ही भानगडच नको, प्रत्येकाला टर्नमध्ये तीन अ‍ॅक्ट, चाल, मार, ढाल उचल, जे हवं ते कर. वाचून मी वेडी झाले होते. आमच्या ठाण्याच्या ग्रुपने लगेच चालू केलं.

आणि ते नीट चाललं नाही. तीन अ‍ॅक्टची कल्पना चांगलीच होती, पण बाकीचा अख्खा गेम जुन्या पद्धतीवर लिहिलेला होता. आमच्याकडे मेगस (तलवार आणि जादू एकत्र वापरणारा क्लास) होता, त्याचं अर्धं कौशल्य स्विफ्ट अ‍ॅक्शनवर चालायचं, जी पूर्वी वेगळी मिळायची, आता तिच्यासाठी तीनातला एक अ‍ॅक्ट द्यावा लागायचा, त्यामुळे काही न करता तो कमकुवत झाला. प्रत्येक स्पेल, प्रत्येक फीट (पात्राची खास क्षमता) वाचून ठरवायचं याला एक का दोन. पाच सेशननंतर जुन्यावर परत आलो आणि मी मनातून ती कल्पना काढून टाकली.

मग २०१९ ला दुसरी एडिशन आली आणि तिचा कणाच तीन अ‍ॅक्शन. तोच नियम, पण आता प्रत्येक स्पेलवर लिहिलेलं की याला किती, प्रत्येक क्लास त्याच हिशोबाने बांधलेला, आणि इतकं सुंदर चालतं की मला आता दुसरं काही खेळवत नाही. तेच बी, जुन्या झाडावर कलम केलं तेव्हा धरलं नाही, मातीत लावलं तेव्हा वाढलं.

म्हणून माझं काकांपेक्षा थोडं वेगळं मत आहे. नवीन एडिशनमधला एकच नियम उचलून जुन्यात आणायचा हे वरून सोपं दिसतं पण त्यात जास्त धोका आहे. रोगला मास्टरी द्यायची आणि पॅलडिनचा स्माइट जुनाच ठेवायचा, तर दोघांनाही सगळ्यात चांगलं तेच मिळालं आणि भार कुणीच उचलला नाही, दोन महिन्यांत तुमच्या लढाया हलक्या वाटायला लागतील. एकतर पूर्ण जा, नाहीतर राहा.

आणि प्लेटेस्ट नुसता वाचून मत बनवू नका. २०१८ च्या आमच्या दुसऱ्या एडिशनच्या प्लेटेस्टमध्ये रेझोनन्स म्हणून नियम होता, जादूच्या वस्तू दिवसात किती वेळा वापरायच्या ते करिझ्मावर बांधलेलं. कागदावर वाचताना मला पटला होता. टेबलावर पोशन प्यायला पण हिशोब, सगळे वैतागले. अंतिम पुस्तकात तो त्या रूपात नव्हता. लोकांनी खेळून कळवलं म्हणून गेला.

फासे_आणि_चहा
८ ऑक्टोबर

घोडबंदर ताईंशी सहमत. २०२४ च्या पुस्तकांच्या आधीच्या प्लेटेस्टचं उदाहरण देतो, ऑगस्ट २०२२ ला पहिलं पॅकेट आलं त्यात लिहिलं होतं की क्रिटिकल हिटचे (फाशावर वीस पडला की लागणारा जबर वार) डबल डाइस फक्त प्लेअर्सना आणि फक्त हत्याराच्या किंवा हाताच्या हल्ल्याला, मॉन्स्टरला क्रिटिकलच नाही. मी नवीन लोकांचं कॅम्पेन नेमकं त्यावर चालू केलं. पुढच्याच पॅकेटमध्ये तो नियम मागे. मग ड्रुइडच्या वाइल्ड शेपसाठी (प्राण्याचं रूप घेणं) ठराविक टेम्प्लेट आली, लोकांनी जोरात नाही म्हटलं, गेली. वॉरलॉक या जादूगार क्लासला हाफ कास्टर (अर्ध्या वेगाने मंत्र मिळणारा) केलं, ते पण गेलं, पॅक्ट मॅजिक (त्याची जुनी वेगळी जादूपद्धत) परत आलं. आर्केन, डिव्हाइन, प्रायमल अशा तीनच स्पेल लिस्ट, त्या पण गेल्या. आमचा वॉरलॉक आठ महिन्यांत तीन वेळा नव्याने लिहिला गेला, आणि तिसऱ्यांदा तो मुलगा म्हणाला की मला आता माझं कॅरेक्टर कोण आहे तेच कळत नाहीये. तेव्हापासून माझा नियम, प्लेटेस्ट फक्त वन-शॉटमध्ये (एका बैठकीत संपणारी गोष्ट), चालू कॅम्पेनमध्ये नाही.

पैशाचं पण बघा. सगळ्यांनी नवीन पुस्तक घेण्याची गरज नाही. जुन्या नियमांचा एसआरडी (कंपनीने खुला केलेला मूळ नियमांचा संच) ५.१ जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये फुकट आहे, नवीनचा ५.२ या वर्षी आला, त्यात वेपन मास्टरी पण आहे. सबक्लास प्रत्येकी एकच आहे पण चाचपून बघायला पुष्कळ. टॅबवर टाकून द्या सगळ्यांना.

थॅको_१९९६
९ ऑक्टोबर

घोडबंदर, तुमचं कलमाचं म्हणणं पटलं, अगदी. मी पण विचार केला रात्री. कॉम्बॅट अँड टॅक्टिक्स आमच्याकडे टिकलं त्याचं कारण ते आम्ही सगळं घेतलं होतं, अर्धं नाही.

एका बाबतीत मात्र अडतो. वन-शॉटमध्ये सगळं कळत नाही. २००६ ला टोम ऑफ बॅटल हे पुस्तक आलं, तलवारबाजांना स्पेलसारखे मॅन्युव्हर्स, म्हणजे डाव, लढाई संपली की थोडा दम घेतला की परत मिळणारे. पहिल्या संध्याकाळी आमच्या सगळ्यांचं मत एकच, हे फार जास्त आहे, फायटर असा नसतो. सहा महिने तेच कॅरेक्टर खेळल्यावर कळलं की वॉरब्लेडवाला (त्याच पुस्तकातला क्लास) मित्र आता विझार्डच्या टर्नला मोबाइल बघत नाही, आपली पुढची चाल ठरवत बसलेला असतो. २००८ ला चौथी एडिशन आली तेव्हा दर लढाईला एकदा वापरायच्या पॉवर्स सगळ्याच क्लासना दिल्या होत्या, आणि आमच्यातले निम्मे लोक त्यावरून पाथफाइंडरकडे गेले, आमचा दहा वर्षांचा ग्रुप तिथे फुटला. त्या मित्रांशी मी आजही बोलतो पण एका टेबलावर आम्ही परत कधी बसलो नाही. म्हणून सांगतो कोथरूड, तुझ्या पॅलडिनचं 'नाही' हे नियमाबद्दलचं 'नाही' समजू नकोस. त्याला विचार की दोन वर्षांत त्याला कुठला क्षण सगळ्यात जास्त आठवतो. मला वाटतं तो एखादा स्माइटच निघेल.

संत्रानगरी_फायटर
९ ऑक्टोबर

काका हे मस्त लिहिलंत.

कोथरूड, बदललंच तर मॉन्स्टर पण नव्या मॅन्युअलमधले घ्या, फेब्रुवारीत आलंय, आम्ही ते आणल्यावर लढाया परत जड झाल्या. आणि सबक्लास आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळतो, तुम्ही सातवर आहात त्यामुळे तो त्रास नाही.

कोथरूडचा_डीएम
१३ ऑक्टोबर

काल सेशनआधी तासभर फक्त बोललो. डाइस बाहेर काढलेच नाहीत.

पॅलडिनला काकांनी सांगितलेला प्रश्न विचारला. तो एक सेकंद पण थांबला नाही. गेल्या पावसाळ्यात एका पुलावर पार्टीतले बाकी तिघं पडले होते आणि त्याने शेवटच्या दोन स्लॉटचे (मंत्रांच्या दिवसाच्या साठ्यातले) दोन स्माइट एका टर्नमध्ये मारून त्या राक्षसाला खाली टाकलं होतं, ते. आणि मग रोगवाला मित्रच म्हणाला की मी तेव्हा शून्यावर पडलेलो होतो, मला पण तेच आठवतं. त्यानंतर आवाज चढलाच नाही.

ठरलं ते असं. ही कथा जिथे चाललीये त्या किल्ल्यापर्यंत साधारण सहा-सात सेशन उरलीत, तोपर्यंत २०१४ चेच नियम, काहीही मिसळायचं नाही. दिवाळीत दोन रविवार गॅप आहे, त्याच्या पुढच्या रविवारी २०२४ चा एक वन-शॉट, नवीन मॉन्स्टर, नवीन स्पेल, सगळं पूर्ण नवीन, एसआरडीवरून, फक्त नव्या मैत्रिणीचा सायॉन पीडीएफमधून. तिला मिस्टिकचं सांगितलं, ती म्हणाली बदललं तर बदललं, मला ती बाई खेळायचीये, तिच्या हातातली विद्या कुठली का असेना. किल्ल्यानंतर कथेत पाच वर्षं पुढे जाऊ आणि तेव्हा पार्टी नव्या नियमांत उतरेल, ज्याला आपलं कॅरेक्टर जुन्यातच संपवायचंय त्याला निरोपाचा नीट सीन मिळेल. पॅलडिन म्हणाला त्याला विचार करायला वेळ हवाय, घे म्हटलं.

एकच अडलंय. ड्रुइडने काल पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाली की आठही लांडग्यांना तिने नावं दिलीयेत, दोन वर्षांपासून वहीत लिहून ठेवलीयेत, आम्हाला कुणाला माहितच नव्हतं. नवीन स्पेलमध्ये तो नुसता कळप आहे. डॅमेज आणि सेव्ह पुस्तकातलेच ठेवून कळपात तिचे आठ वेगवेगळे दिसतात, त्या टर्नला कोण पुढे धावलं ते ती सांगते, असं केलं तर चालेल ना? कुणी केलंय का असं?

घोडबंदर_गनस्लिंगर
१३ ऑक्टोबर

चालेल. नियमाला कुठेच धक्का लागत नाही. नावं लिहा ना इथे.

कोथरूडचा_डीएम
१३ ऑक्टोबर

तिला विचारून टाकतो. एक सांगायला परवानगी आहे, सगळ्यात म्हातारा आहे त्याचं नाव आबा.